व्हर्टिगोची पाटी कोणी उतरवली?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मराठी वृत्तपत्रांत चित्रकथांवर हल्ली पुन्हा लिहिले जाऊ लागले आहे, ही चांगली गोष्ट. पण त्या ओघात प्रौढांसाठी चित्रकथा काढणाऱ्या अमेरिकेतल्या ‘व्हर्टिगो’ या प्रकाशनाचा विषय निघाला की ‘मोबाइल आला, वाचक गेला, व्हर्टिगो बुडाले’ एवढ्यावर प्रकरण मिटवले जाते. तारखा पाहिल्या तर हा निकाल टिकत नाही. व्हर्टिगोच्या संस्थापक संपादक कॅरन बर्गर यांनी पद सोडत असल्याचे डिसेंबर २०१२ मध्ये जाहीर केले. त्याच वर्षी मार्चमध्ये ‘इमेज’ या दुसऱ्या प्रकाशनाकडून ‘सागा’ ही चित्रकथामालिका सुरू झाली होती. तीही प्रौढांसाठीची, तीही दरमहा अंक आणि मग त्यांचे एकत्रित पेपरबॅक या पद्धतीने निघणारी, आणि ती तुफान चालली. तिचे लेखक ब्रायन के. वॉन यांनी त्याआधी ‘वाय: द लास्ट मॅन’चे ६० अंक लिहिले होते, ते व्हर्टिगोसाठीच. म्हणजे वाचक होता तिथेच होता, लेखक शेजारच्या दारात गेला होता. तो का गेला, हे सांगण्यासाठी हे पत्र.

व्हर्टिगो ही स्वतंत्र कंपनी कधीच नव्हती. बॅटमॅन-सुपरमॅन छापणाऱ्या डीसी कॉमिक्सच्या वाड्यात १९९३ च्या सुरुवातीला मांडलेली ती वेगळी चूल. तिची मुळे मात्र आणखी मागे जातात. १९५४ पासून अमेरिकी कॉमिक्सवर ‘कॉमिक्स कोड’ या, प्रकाशकांनीच घालून घेतलेल्या आचारसंहितेचा शिक्का असे. तो नसेल तर पेपरविक्रेत्यांपर्यंत माल नेणारे वितरक अंक उचलत नसत. १९८४ मध्ये ‘स्वॅम्प थिंग’चा २९ वा अंक त्या शिक्क्याविना निघाला. हे धाडस परवडले, कारण तोवर फक्त कॉमिक्स विकणारी दुकाने उभी राहिली होती आणि त्यांना शिक्क्याशी देणेघेणे नव्हते. बर्गर १९७९ पासून डीसीत होत्या. ब्रिटनमधून आलेल्या लेखकांना हाताशी धरून त्यांनी ‘सँडमन’, ‘हेलब्लेझर’, ‘शेड’, ‘अ‍ॅनिमल मॅन’, ‘डूम पेट्रोल’ आणि ‘स्वॅम्प थिंग’ अशी सहा मालिकांची मोट बांधली, आणि त्या मोटेला १९९३ मध्ये नाव मिळाले.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. डीसी कॉमिक्स १९६० च्या दशकाच्या अखेरीपासूनच वॉर्नर समूहाच्या मालकीची आहे. व्हर्टिगो जन्मली कॉर्पोरेट मालकीत, आणि तिची सुगीची वर्षे, म्हणजे ‘प्रीचर’, ‘१०० बुलेट्स’, ‘वाय’, ‘फेबल्स’, ‘स्कॅल्प्ड’ यांची वर्षे, त्याच मालकीत गेली. त्यामुळे ‘मोठी कंपनी आली आणि गिळले’ हेही अर्धेच उत्तर झाले. जोवर वॉर्नरच्या ताळेबंदात पुस्तकांची ही ओळ नजरेत भरण्याइतकी मोठी नव्हती, तोवर कोणी तिच्याकडे वाकून पाहत नव्हते. मध्ये पॉल लेविट्झ यांच्यासारखा कॉमिक्समध्येच वाढलेला माणूस अध्यक्ष म्हणून उभा होता, त्याचाही आडोसा होता. ३१ ऑगस्ट २००९ रोजी डिस्नेने डीसीची प्रतिस्पर्धी मार्व्हल सुमारे ४ अब्ज डॉलरला घेत असल्याचे जाहीर केले. नऊच दिवसांनी वॉर्नरने ‘डीसी एंटरटेनमेंट’ नावाची नवी कंपनी जाहीर केली आणि लेविट्झ पायउतार झाले. कॉमिक्सचे काम आता चित्रपटांना पात्रे पुरवण्याचे, असे थेट कोणी म्हटले नसेल. त्यानंतरचा जवळपास प्रत्येक निर्णय मात्र तेच सांगतो.

आता हिशेबाची भानगड पाहू, कारण खरी मेख तिथेच आहे.

अमेरिकेत मासिक अंक कॉमिक्सच्या दुकानांत जातो तो ना-परती बोलीवर. उरलेला अंक दुकानदाराच्या डोक्यावर. जूनमध्ये येणाऱ्या अंकाची जाहिरात दोनेक महिने आधीच्या कॅटलॉगमध्ये असते आणि दुकानदाराला मागणी तेव्हाच नोंदवावी लागते. शेवटचा बदल करायची मुदत साधारण तीन आठवडे आधी संपते. म्हणजे पहिला अंक गिऱ्हाइकाच्या हातात पडून तो ‘बरा आहे’ म्हणेपर्यंत दुसऱ्याची मागणी पक्की झालेली असते, बहुधा तिसऱ्याचीही कच्ची नोंद गेलेली असते. अनोळखी नावाची मालिका असली की शहाणा दुकानदार समजा पहिल्याच्या २० प्रती घेतो, दुसऱ्याच्या १२, तिसऱ्याच्या ९. हे आकडे केवळ नमुन्यादाखल, पण उतरणीचा कल असाच असतो. पहिल्या तीन महिन्यांची ‘विक्री’ म्हणून जे आकडे वरच्या मजल्यावर जातात, ते वाचकाचे मत नसतेच. तो दुकानदाराचा भीतीने बांधलेला अंदाज असतो.

व्हर्टिगोचे खरे उत्पन्न दुसरीकडे होते. पाच-सहा अंक झाले की त्यांचे पेपरबॅक निघे. ते पुस्तकांच्या दुकानात, वाचनालयात, महाविद्यालयाच्या अभ्यासक्रमात जाई आणि वर्षानुवर्षे खपत राही. ‘सँडमन’चे ७५ अंक १० पुस्तकांत बसले, ‘१०० बुलेट्स’चे १३ खंड झाले, ‘फेबल्स’चे १५० अंक २२ खंडांत गेले. पहिला खंड घेणारा वाचक पुढचे नऊ घेण्याची शक्यता दांडगी, म्हणून पहिल्या खंडाची किंमत ९.९९ डॉलर ठेवायची, २००९ च्या सुमारास तर काही मालिकांचा पहिला अंक चक्क एका डॉलरला द्यायचा. आपल्याकडच्या किराणा दुकानदाराला हे गणित समजावून सांगावे लागणार नाही: मीठ पडत्या भावात द्यायचे, गिऱ्हाईक बांधायचे. मात्र या पद्धतीला धीर लागतो. मालिका रुजायला दोन वर्षे, पैसा सुटायला त्याहून जास्त.

धीर सुटला की काय होते ते २०१५-१६ मध्ये दिसले. ऑक्टोबर २०१५ पासून चारेक महिन्यांत व्हर्टिगोने एकदम बारा नव्या मालिका बाजारात सोडल्या. ही संपादकीय चूकच होती. एका दुकानदाराने एका हंगामात बारा अनोळखी नावांवर पैसे लावावेत, ही अपेक्षा अवाजवी होती. पण पुढे झाले ते अधिक वाईट. बर्गर यांच्यानंतर धुरा सांभाळणाऱ्या शेली बॉन्ड यांचे पदच एप्रिल २०१६ मध्ये रद्द करण्यात आले. त्या बारांपैकी ‘क्लीन रूम’, ‘अनफॉलो’, ‘द शेरिफ ऑफ बॅबिलॉन’ यांचे पहिले पेपरबॅक आले जून-जुलैमध्ये. पेरणी झाली, उगवण दिसायच्या आत शेतकऱ्याला काढून टाकले. ज्या खात्याचा नफा खंडांवर मोजायचा, त्याचा निकाल मासिक अंकांवर लावला.

याचा वाचकावरही परिणाम होतो, आणि तो उलटून पुन्हा मालिकेवरच येतो. मालिका सहा-आठ अंकांत बंद पडते असा दोन-तीनदा अनुभव आला की वाचक म्हणतो, आधी पूर्ण होऊ द्या, मग पुस्तकच घेऊ. तो थांबतो म्हणून अंक खपत नाही, अंक खपत नाही म्हणून मालिका बंद होते. एकदा हे चक्र सुरू झाले की कितीही चांगले लिखाण ते थांबवू शकत नाही. ६० अंकांची ‘वाय’ किंवा ‘स्कॅल्प्ड’ तेव्हाच उभी राहते, जेव्हा वाचकाला पहिल्याच अंकाला खात्री असते की शेवट छापला जाईल. व्हर्टिगोच्या पाटीचा अर्थ खरे तर एवढाच होता.

‘हेलब्लेझर’चे उदाहरण जरा जवळून पाहण्याजोगे आहे. जॉन कॉन्स्टंटाइन हा लंडनचा, मळक्या रेनकोटातला, सतत सिगारेट ओढणारा मांत्रिक. त्याची मालिका १९८८ पासून फेब्रुवारी २०१३ पर्यंत सलग ३०० अंक चालली. तिचे वैशिष्ट्य असे की नायकाचे वय कॅलेंडरबरोबर वाढे. त्याचे जन्मसाल १९५३ दिलेले, त्यामुळे १९८८ मध्ये पस्तिशीचा असलेला माणूस २०१३ मध्ये साठीला टेकला होता. केस पिकले होते, मित्र मेले होते, २७५ व्या अंकात लग्न झाले होते. जुन्या पापांचे व्याज त्याच्याच अंगावर फिटत होते. सुपरहीरोंच्या जगात हे अशक्य, कारण तिथे पात्र ही मालमत्ता असते आणि मालमत्ता म्हातारी होऊन चालत नाही. २०११ पासून कॉन्स्टंटाइनला डीसीच्या मुख्य जगात, ‘जस्टिस लीग डार्क’मध्ये, तरुण करून बसवले गेले. ३०० वा अंक निघाल्यावर महिन्याभरात नवी ‘कॉन्स्टंटाइन’ मालिका आली. ती २३ अंकांत आटोपली. पंचवीस वर्षे चाललेली गोष्ट थांबवून जे आणले, ते दोन-सव्वादोन वर्षे टिकले. यात वाचकाने काय गुन्हा केला?

हे करण्याची मोकळीक कंपनीला होती, कारण कॉन्स्टंटाइन तिच्याच मालकीचा. इथे कराराचा मुद्दा येतो. व्हर्टिगोत दोन प्रकारचे काम शेजारी शेजारी चाले. डीसीच्या जुन्या पात्रांवरचे काम अमेरिकी कायद्यातल्या ‘वर्क फॉर हायर’ तत्त्वाने, म्हणजे पात्रही कंपनीचे आणि लिखाणही. दुसरे लेखक-चित्रकाराच्या मालकीचे. ‘प्रीचर’, ‘इन्व्हिजिबल्स’, ‘वाय’ ही या दुसऱ्या प्रकारातली. यात कंपनी पानामागे ठरावीक दर आगाऊ देई, छपाईचे हक्क घेई आणि चित्रपट-मालिकांच्या हक्कांतही आपला वाटा ठेवी.

समोर इमेज उभे होते. तिथे पानाचा दर मिळत नाही. प्रकाशक प्रत्येक अंकामागे आपली ठरीव रक्कम कापून घेतो, छपाईचा खर्च वजा होतो, उरलेले सगळे निर्मात्याचे. पडद्याच्या हक्कांत प्रकाशकाला काहीही नाही. चित्रकाराच्या बाजूने पाहिले तर निवड सोपी नव्हती. महिन्याचा अंक २०-२२ पानांचा, तो काढायला चार ते पाच आठवडे जातात. आगाऊ दर नसेल तर पहिला पैसा हाती येईपर्यंत घरभाडे कशातून द्यायचे? म्हणूनच नवख्यांना व्हर्टिगो सोयीची होती. पण ज्याचे नाव झाले आहे, तो सहा महिने कळ काढू शकतो, आणि मग पडद्याचे हक्क स्वतःकडे ठेवण्याचा फायदा इतका मोठा होतो की पानाचा दर त्यापुढे चिल्लर ठरतो. २०१० मध्ये इमेजचीच ‘द वॉकिंग डेड’ ही चित्रकथा दूरचित्रवाणीवर गेल्यावर हे सगळ्यांना दिसले. व्हर्टिगोने ज्यांना घडवले तेच आधी निघाले, आणि नव्यांना धरून ठेवण्याइतका धीर मालकांकडे उरला नव्हता.

हक्क परत मिळण्याच्या कलमातही पाणी मुरते. याचा जुना दाखला डीसीच्याच ‘वॉचमेन’ या चित्रकथेचा. तो करार व्हर्टिगोच्या आधीचा, पण धडा तोच. पुस्तक बाजारातून गेले की हक्क निर्मात्यांकडे परततील असे करारात होते. १९८० च्या दशकात कॉमिक्सचे पुस्तक वर्षानुवर्षे छापले जाईल असे कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते. ते १९८७ पासून आजवर बाजारातून गेलेलेच नाही, त्यामुळे हक्कही परतले नाहीत. कलम जसेच्या तसे पाळले गेले आणि त्यातला अर्थ मात्र निघून गेला. ‘फेबल्स’चे लेखक बिल विलिंगहॅम यांचे डीसीशी इतके बिनसले की सप्टेंबर २०२३ मध्ये त्यांनी आपली निर्मिती सार्वजनिक मालकीची केल्याचे परस्पर जाहीर केले. डीसीने लगेच मालकी आमचीच असल्याचे बजावले. भांड्याला भांडे लागणे वेगळे, इथे भांडेच कोणाचे यावर वाद.

पुढचा घटनाक्रम भराभर सांगता येईल. जून २०१८ मध्ये डीसीची मालक टाइम वॉर्नर एटी अँड टी या दूरसंचार कंपनीकडे गेली. त्याच वर्षी ‘डीसी व्हर्टिगो’ असे नवे बारसे करून सात मालिका जाहीर झाल्या. त्यातली एक, लेखकावर आरोप झाल्याने, चार अंकांत बंद पडली. दुसरी, ‘सेकंड कमिंग’, येशू ख्रिस्ताच्या पुनरागमनावरची उपहासकथा. तिच्याविरुद्ध सह्यांची मोहीम झाली, फेब्रुवारी २०१९ मध्ये ती छापण्याआधीच रद्द झाली आणि त्याच वर्षी एका छोट्या प्रकाशनाने ती काढली. तिसरी इमेजकडे गेली. बाकीच्या सहा ते नऊ अंकांत गुंडाळल्या. २१ जून २०१९ रोजी डीसीने सांगितले की २०२० पासून व्हर्टिगो हे नाव राहणार नाही आणि सगळी पुस्तके वयाप्रमाणे तीन खणांत जातील: ८ ते १२ ची मुले, १३ च्या पुढचे आणि १७ च्या पुढचे. तिसऱ्या खणाचे नाव ‘ब्लॅक लेबल’.

ही वाटणी वरवर समंजस वाटते. चित्रपटाच्या प्रमाणपत्रासारखी. पण ‘१७ वर्षांवरील’ हा शिक्का वाचकाला फक्त आत शिव्या, रक्त किंवा नग्नता असू शकते एवढेच सांगतो. आत कोणाची नजर आहे, हे तो सांगत नाही. व्हर्टिगोच्या पाटीमागे एका संपादकाची निवड होती. ब्लॅक लेबलचे पहिले पुस्तक सप्टेंबर २०१८ चे, बॅटमॅनचेच, आणि ते गाजले ते नायकाच्या नग्नतेवरून. पुढच्या आवृत्तीत ती झाकण्यात आली. प्रौढ साहित्य म्हणजे काय याची नव्या मालकांची कल्पना कुठवर पोहोचली होती, ते यावरून कळते. न्यायाने हेही सांगायला हवे की याच खणात पुढे ‘द नाइस हाऊस ऑन द लेक’सारखी अस्सल, स्वतंत्र भयकथाही आली. अपवाद होते. ऑगस्ट २०२० मध्ये मुख्य संपादकासह मोठी नोकरकपात झाली, तेव्हा अपवाद घडवणारे हातही कमी झाले.

मग ते काम गेले कुठे? एक धागा आपल्या मुंबईपर्यंत येतो. राम व्ही या लेखकाचे ‘द मेनी डेथ्स ऑफ लैला स्टार’ २०२१ मध्ये पाच अंकांत आले. माणूस अमर होणार म्हणून साक्षात मृत्युदेवतेला नोकरीवरून काढले जाते आणि ती मर्त्य देहात मुंबईत येऊन पडते, अशी ती कथा. चित्रे फिलिपे आंद्राद यांची. वीस वर्षांपूर्वी अशा पुस्तकाचा पत्ता डोळे झाकून सांगता आला असता: व्हर्टिगो. ते छापले ‘बूम’ या दुसऱ्याच प्रकाशनाने. त्याच वर्षी त्याच लेखकाने डीसीसाठी नवा ‘स्वॅम्प थिंग’ लिहिला, आसामच्या काझीरंगाशी नाते असलेल्या लिव्हाय कामेई या नायकाचा. तो डीसीच्या मुख्य यादीत निघाला. व्हर्टिगोची पाटी तेव्हा अडगळीत होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये ती पुन्हा टांगत असल्याचे न्यूयॉर्कमध्ये जाहीर झाले. नाव परत आले. पानामागचा दर, पडद्याचे हक्क आणि पहिल्या पेपरबॅकपर्यंत थांबण्याची तयारी, या तीन गोष्टी परत येतात का, ते पाहायचे.

मराठी वाचकाला यातले काहीच परके वाटू नये. ‘चांदोबा’ची मालकी २००७ मध्ये मुंबईच्या एका सॉफ्टवेअर कंपनीकडे गेली. जुना खजिना डिजिटल करून विकण्याच्या मोठ्या गप्पा झाल्या, आणि काही वर्षांत अंकच बंद झाला.

आज मराठीत चित्रकादंबरी करू पाहणारी तरुण मंडळी आहेत आणि त्यांच्यापुढे ओटीटीसाठी ‘सर्व हक्क’ मागणारे करार येतात. त्यांच्यासाठी आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या थोड्या गोष्टी इथे नोंदवतो, कारण त्या अमेरिकी कायद्यापेक्षा निर्मात्याला बऱ्याच अनुकूल आहेत. कलम १९ नुसार हस्तांतराची मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर तो हस्तांतरातून गळतो, हे कलम १९(४). गोम अशी की ही तिन्ही संरक्षणे करारात वेगळे काही लिहिले नसेल तरच लागू होतात. म्हणून छापील मसुद्यात बहुधा एक ओळ असते: ‘कलम १९(४) लागू राहणार नाही’. ती ओळ शोधा आणि काढायला सांगा. मुदतीच्या जागी ‘कायमस्वरूपी’ आणि प्रदेशाच्या जागी ‘संपूर्ण विश्वात’ असे असते, तेही वाचा. (मंगळावर मराठी चित्रकथा कोण वाचणार, हे विचारायला हरकत नाही.) २०१२ च्या दुरुस्तीने कलम १८ मध्ये आणखी एक आधार दिला आहे. करारावेळी जे माध्यम अस्तित्वात किंवा व्यापारी वापरात नव्हते, त्याचे हक्क, त्या माध्यमाचा करारात स्पष्ट उल्लेख नसेल तर, हस्तांतरित होत नाहीत.

हक्क परतीचे कलम लिहून घेताना ‘पुस्तक उपलब्ध नसल्यास’ हे शब्द टाळावेत. ई-बुकची फाइल सर्व्हरवर पडून असली किंवा मागणीनुसार एक प्रत छापून देण्याची सोय असली, की पुस्तक कायमचे ‘उपलब्ध’ राहते. त्याऐवजी आकडा घालावा: सलग बारा महिन्यांत अमुक इतक्या छापील प्रतींपेक्षा कमी विक्री झाल्यास, लेखी नोटिशीनंतर सहा महिन्यांत हक्क परत. पडद्याचे हक्क छपाईच्या करारात घालूच नयेत, त्यांचा कागद वेगळा करावा.

आणि संपादक महोदय, एक कलम थेट आपल्या धंद्यातले. १७(अ) सांगते की वृत्तपत्राच्या नोकरीत असलेल्या माणसाने वृत्तपत्रासाठी केलेल्या लिखाणाचा वा चित्राचा, वेगळा करार नसल्यास, वृत्तपत्रात छापण्यापुरताच पहिला हक्क मालकाचा असतो. बाकी सर्व बाबतींत तो त्या माणसाचा. आपल्याकडे रोजचे व्यंगचित्र किंवा चित्रपट्टी काढणाऱ्याच्या नेमणूकपत्रात याविषयी काय लिहिले आहे, ते एकदा काढून पाहावे.

आपले,
चित्रकथांचे काही वाचक, ठाणे